हात मोजण्याचा मोह

राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये कोणता उतारा वाचला जाणार, हे कुणाला विचारावं लागत नाही. येशू अरण्यात, चाळीस दिवसांचा उपाशी, सैतान समोर आणि तीन परीक्षा. उतारा ठरलेला तसा प्रवचनाचा विषयही ठरलेला: दारू, गुटखा, मोबाईल आणि अलीकडे ऑनलाइन रमी. मंडळी माना डोलावते. ज्यांच्यासाठी प्रवचन असतं ते बहुधा त्या दिवशी आलेलेच नसतात. उपवासकाळ सुरू होतो.

व्यसनांनी घरं बसतात, त्यावर बोलायलाच हवं. पण हा उतारा ज्यात येतो त्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात यातलं एकही व्यसन नाही. तिथे आहे ते असं: या धोंड्यांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील. माझ्या पाया पड, जगातली सगळी राज्यं तुला देतो. पहिली परीक्षा वरवर पोटाच्या भुकेची दिसते. पण हे सगळं कुणाला आणि केव्हा सुचवलं जातंय ते पाहावं. ज्याला थोड्याच दिवसांत गालीलात लोकांपुढे उभं राहून त्यांना बोलवायचंय, त्याला हे तीन सोपे रस्ते दाखवले जाताहेत. भाकरीने लोक येतात, चमत्काराने येतात, सत्तेच्या आधाराने तर झुंडीने येतात. येशू तिन्ही रस्ते नाकारतो आणि मगच कामाला लागतो. त्यामुळे हा उतारा बाकावर बसलेल्यांच्या आधी पुलपिटावर उभ्या असलेल्याला लागू पडतो, असं मला वाटतं.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना टिकाऊ विश्वासाची माणसं हवी असतील, तर मोहाची चर्चा बोलावणाऱ्यापासून सुरू करावी लागेल. ज्या गोष्टीसाठी माणूस आत आला ती संपली की तो निघून जातो, आणि मग आपण त्याला 'मागे पडलेला' म्हणतो. त्याला कशासाठी बोलावलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

उज्जीवन सभेतला शेवटचा अर्धा तास आठवून पाहा. मंडप, किबोर्ड, दोन्ही बाजूंना उंच साउंडबॉक्स. वक्ता सांगतो, सगळ्यांनी डोळे मिटा, मान खाली घाला, कुणीही इकडेतिकडे पाहू नका. ज्याला आज प्रभूला स्वीकारायचंय त्याने हात वर करावा. किबोर्डवाला एकच सूर धरून ठेवतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना कडेला उभे असलेले दोन कार्यकर्ते मात्र डोळे उघडे ठेवून रांगेरांगेने हात मोजत असतात. आकडा चिठ्ठीवर स्टेजकडे जातो. त्याच रात्री तो फोटोसकट व्हॉट्सॲपवर फिरतो आणि महिनाअखेर मंडपाचा खर्च देणाऱ्यांच्या अहवालात जाऊन बसतो. त्यातले दोन-चार हात दर वर्षी त्याच मंडपात वर होतात, हे पुढच्या रांगेतल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं.

त्या वक्त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. बहुतेक जण कळकळीने बोलतात. खेड्यातल्या पाळकाची अवस्था तर आणखी अवघड. त्याचं मानधन कुठल्या तरी लांबच्या देणगीदाराच्या मर्जीवर चालतं, आणि देणगीदाराला दर तीन महिन्यांनी बाप्तिस्म्यांचा आकडा हवा असतो. आजारी म्हातारीजवळ दोन तास बसून आलेल्या पाळकाला ते दोन तास कोणत्या रकान्यात लिहायचे हेच कळत नाही. रकानाच नसतो. मग माणूस तेच करू लागतो जे लिहिता येतं.

योहानाच्या सहाव्या अध्यायाचा असा अहवाल करायचा म्हटला तर पंचाईत होईल. पाच हजारांना जेवू घातलं. लोक आपल्याला धरून राजा करणार हे कळताच येशू एकटाच डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तीच माणसं सरोवर ओलांडून त्याला शोधत आली, तेव्हा त्याने तोंडावर सांगितलं की भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. पुढे तो असं काही बोलला की पुष्कळ शिष्य तिथूनच परत फिरले. तो त्यांच्या मागे धावला नाही, उलट बारा जणांनाही विचारलं, तुम्हालाही जायचंय का? कालचे पाच हजार, आजचे बारा आणि त्या बारांतला एक पुढे त्याला धरून देणारा. मात्र एक गोष्ट नजरेतून सुटू नये. लोक भुकेले होते तेव्हा त्याने त्यांना जेवू घातलं. तुम्ही कशासाठी आलात, ही चौकशी जेवणाआधी केली नाही.

भाकर द्यावी, पण तिला बाप्तिस्मा बांधू नये. म्हणायला सोपं, करायला महाकठीण. त्यातही आपल्याकडे जास्तच, कारण इथला माणूस लोभापेक्षा उपकाराने बांधला जातो. खाल्ल्या मिठाला जागणं हे आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर शिकवलं जातं. ज्याने दुष्काळात पोरं जगवली, त्याने पुढे काही मागितलं तर नाही म्हणायला तोंड उघडत नाही. म्हणून 'आम्ही कुणावर जबरदस्ती केली नाही' एवढं उत्तर पुरत नाही. नको म्हणण्याची मोकळीक समोरच्याला खरोखर होती का, हे देणाऱ्यानेच तपासायचं असतं.

हे तपासलेल्या एका माणसाची गोष्ट आपल्या शेजारच्या तेलुगू मुलखात घडली. ओंगोलला जॉन क्लाउ नावाचा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होता, मूळचा जमिनीची मोजणी करणारा सर्वेक्षक. त्या तेलुगू मिशनला इतकी वर्षं इतकं थोडं यश आलं होतं की अमेरिकेतल्या मंडळाने ते बंद करायचा विचार एकदा सोडून अनेकदा केला होता. क्लाउ आले आणि चांभारकाम करणाऱ्या मादिगा समाजातून लोक येऊ लागले. तेव्हा गावातल्या वरच्या जातींनी कळवलं की यांना घेतलंत तर आमची मुलं तुमच्या शाळेत राहणार नाहीत. प्रतिष्ठितांना दुखवून गावात मिशन चालवायचं कसं, हा मोह काही लहान नव्हता. क्लाउंनी मादिगांना घेतलं आणि शाळेतले विद्यार्थी गमावले.

मग 1876 ते 78 चा तो भीषण दुष्काळ आला. सरकारने दुष्काळी काम म्हणून बकिंगहॅम कालव्याची खुदाई काढली. क्लाउंनी कालव्याच्या एका तुकड्याचं कंत्राट घेऊन हजारो उपाशी माणसांना मजुरी दिली. त्यांचे देशी उपदेशक मुकादम म्हणून खणणाऱ्यांबरोबर राहत आणि विश्रांतीच्या वेळी ख्रिस्ताबद्दल बोलत. लोक बाप्तिस्मा मागू लागले. क्लाउंनी तो बंद ठेवला, एक-दोन आठवडे नाही, सव्वा वर्ष. दुष्काळ ओसरला, मजुरी आणि मदत थांबली, आता आपल्याकडे द्यायला काही उरलेलं नाही हे सगळ्यांना कळून चुकलं, तेव्हा त्यांनी दार उघडलं. 3 जुलै 1878 रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला.

यातही गंमत पाहा. क्लाउंनी सव्वा वर्ष रोखून धरलं ते जगाने विसरून टाकलं, आणि 2,222 हा आकडा मात्र पुढे मिशनच्या साहित्यात मिरवत राहिला. मोजण्याचा मोह मोह टाळणाऱ्याच्या कथेलाही सोडत नाही. एका दिवसात एवढ्या माणसांना नदीत उतरवणं शहाणपणाचं होतं का, अशी शंका मलाही आहे. सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्म्याची तयारी तीन-तीन वर्षं चाले. पण दार कधी उघडायचं याबाबत क्लाउंचा निवाडा मला अजूनही बिनतोड वाटतो.

आता 'भाकरीचे ख्रिस्ती' या टोमण्याबद्दल. नगर जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम आहे, आणि तिथल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग घरांतून उभ्या राहिल्या. पणजोबा दुष्काळात धान्यासाठी ख्रिस्ती झाले, हे त्यांच्या पणतवंडांना आजही ऐकवलं जातं. हा टोमणा मारणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की त्याच दुष्काळात तुमच्या पणजोबांनी महारवाड्यात काय पाठवलं होतं? शिवाय ज्याला विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, त्याला कुणी सतरंजीवर शेजारी बसवलं, त्याच्या मुलीच्या हातात पाटी दिली, तर त्याला आमिष म्हणणं हा कोडगेपणा आहे. माणूस म्हणून वागवणं ही त्या सुवार्तेबाहेरची बक्षिसी नव्हती, ती सुवार्तेचाच भाग होती. उपाशी माणसाच्या हेतूवर पोटभर जेवलेल्याने निकाल देऊ नये.

घात झाला तो पुढे. जे देऊ म्हणून सांगितलं होतं ते चर्चने पुरतं दिलं नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलित आणि इतर ख्रिस्ती यांच्या थडग्यांमध्ये भिंत घातलेली होती. आपल्याकडे विटांची भिंत दिसणार नाही, पण लग्न जमवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न वसईपासून सोलापूरपर्यंत ऐकू येतो. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा निरनिराळ्या धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्या भेटीला लागले. त्यांत ख्रिस्तीही होते. एक माणूस वळला तर लाखो येतील, हा हिशेब कुणाच्याच मनात नव्हता असं मानणं भाबडेपणाचं होईल. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर जे लिहिलं, त्यात चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातीवर नेमकं बोट ठेवलं. सगळी राज्यं दाखवणाऱ्या तिसऱ्या परीक्षेत आपण मनाने पडलो होतो. आंबेडकर पडले नाहीत, हे मान्य करायला ख्रिस्ती माणसाने लाजू नये.

चमत्काराच्या मोहावर फार लिहायची गरज नाही, तो रोज डोळ्यांसमोर आहे. प्रार्थनेने बरं वाटतं, धीर येतो, आणि देव बरं करू शकतो हा माझाही विश्वास आहे. पण स्टेजवरून मधुमेहाची गोळी फेकून द्यायला सांगणारा माणूस सुवार्तिक नव्हे. तो उद्या कुणाचा तरी पाय कापायला लावणार आहे. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा धर्म विचारत नाही. तो आपल्यालाही लागू आहे याची लाज न वाटता उलट आधार वाटायला हवा.

टिकणारा विश्वास कसा येतो याचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही, पंडिता रमाबाईंचं केडगाव आणि टिळकांचं नगर पुरेसं आहे.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्या संस्कृत पंडिता होत्या, कुणाच्या उपकारांनी दबणाऱ्या मुळीच नव्हत्या. आश्रय देणाऱ्या तिथल्या मठातल्या भगिनींशीही त्यांनी धर्मसिद्धांतांवरून पत्रोपत्री वाद घातले आणि मान तुकवली नाही. याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत कबूल केलं की बाप्तिस्म्याच्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी सापडला. एवढ्या मोठ्या बाईला आठ वर्षं लागली, आणि आपण किबोर्डच्या एका सुरात हात मोजून मोकळे होतो.

त्याच रमाबाईंवर आमिषाचा आरोपही झाला. 1889 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्याच वर्षी पुण्यात आलेलं शारदा सदन विधवांसाठी होतं आणि तिथे धर्म शिकवला जाणार नव्हता. पण बाई स्वतःची सकाळची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि मुली येऊन बसत. 1893 मध्ये काहूर उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. मला इथे दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं दिसतं. ज्या बाईचं अन्न खायचं, जिच्या छपराखाली झोपायचं, तिचं उघडं दार हे त्या कोवळ्या मुलींसाठी निव्वळ उघडं दार नसतं, हा टीकाकारांचा मुद्दा खोटा नव्हता. पण बाईंनी स्वतःच्या खोलीत दाराला कडी घालून, चोरून प्रार्थना करावी अशी अपेक्षाही चुकीचीच होती. आणि आरडाओरड करून ज्यांनी आपल्या मुली काढून नेल्या, त्यांतल्या कितीजणांनी त्या विधवांना पुढे शिकू दिलं असेल?

टिळकांच्या घरातली गोष्ट मला याहून बोलकी वाटते. कवी नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 मध्ये. मधल्या काळात ताटातूट झाली, माहेरच्या माणसांचा आक्रोश झाला. पुढे नवऱ्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं नव्हतं. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. इतर बाबतीत टिळक किती लहरी आणि तापट होते हे 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनीच हसतहसत सांगून ठेवलंय. पण श्रद्धेच्या बाबतीत या तापट माणसाने बायकोच्या पाण्याच्या घागरीला हात लावला नाही. नवरा असल्याचा अधिकार त्या काळात केवढा मोठा! तो वापरला असता तर मिशनच्या रजिस्टरात एक नाव पाच वर्षं आधी चढलं असतं. कदाचित पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं काव्य 'ख्रिस्तायन' पुरं करणाऱ्या लक्ष्मीबाई मात्र मिळाल्या नसत्या.

तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक सांगत. आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार फोफावला नाही. म्हणून कल्पना फसली असं म्हणून आपण ती बासनात गुंडाळून ठेवली. मला वाटतं ती आज बाहेर काढायची वेळ आलीय, आणि तिचं कारण जातीचा दाखला हे आहे.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की केवळ आरक्षणासाठी, मनात श्रद्धा नसताना, हिंदू असल्याचा दावा करणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे. हा कायदा अन्यायाचा आहे असं माझं ठाम मत आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली जात नाही, गाव तर ती मुळीच विसरत नाही. त्याविरुद्ध कोर्टात आणि संसदेत उघडपणे भांडलं पाहिजे.

पण मंडळीत प्रत्यक्ष काय चालतं? मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक धर्म, रविवारी दुसरा. जात पडताळणीच्या वेळी घरातला क्रूस दोन दिवस कपाटात. पाळकाला सगळं माहीत असतं. कधी तोच सुचवतो, 'फॉर्मवर लिहू नका, देव अंतःकरण पाहतो.' देव अंतःकरण पाहतो हे खरंच. पण नव्या माणसाच्या विश्वासाची सुरुवातच त्याच्या पाळकाने एका लपवाछपवीने करून दिली, तर उद्या मोठ्या परीक्षेत त्याने कशावर उभं राहावं? आणि हे पाळक का करतो? बाप्तिस्म्याचा आकडा हातचा जाऊ नये म्हणून. पुन्हा तेच.

बाप्तिस्मा मागायला आलेल्या माणसाला समोर बसवून सांगावं: दाखला जाऊ शकतो, मुलीच्या फीची सवलत जाऊ शकते, भाऊबंद तोडू शकतात, आणि चर्च यातलं काहीही भरून देणार नाही. तो म्हणाला, मग मी थांबतो, तर त्याला थांबू द्यावं. बाकावर बसू द्यावं, भजनं म्हणू द्यावीत, त्याच्या घरी आजारपणात जावं, आणि दहा वर्षं त्याने बाप्तिस्मा मागितला नाही तरी विचारू नये. यहुद्यांचा एक पुढारी, निकदेम, येशूकडे रात्रीच्या अंधारात आला होता. तो दिवसाउजेडी उघड झाला तो येशूला वधस्तंभावरून उतरवल्यावर, शिष्य पळालेले असताना. त्याच्याकडून कुणी कार्ड भरून घेतलं नव्हतं.

काही जण म्हणतील, उघड कबुली न देणारा कसला ख्रिस्ती, आणि अशाने मंडळ्या रिकाम्या होतील. कबुली हवीच. पण ती ज्याची त्याने, परिणाम डोळ्यांसमोर ठेवून, आपल्या वेळेला द्यायची असते. रिकाम्या होण्याबद्दल बोलायचं तर त्या आताही रिकाम्या होताहेत, फक्त रजिस्टरात भरलेल्या दिसतात. प्रत्येक चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं. पास्टरेट कमिटीच्या पुढच्या सभेत ते बाहेर काढावं, दहा वर्षांपूर्वीचं पान उघडावं आणि एकेका नावापुढे तो माणूस आज कुठे आहे ते लिहावं. ज्यांच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, त्यांच्या घरी दोघादोघांनी जाऊन यावं, चहा घ्यावा, आणि या फेरीचा अहवाल कुणालाही पाठवू नये.